‘माणसाला सगळं कळत नाही’, पण हे कोण कुणाला सांगतंय?



सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्युनिअर्सच्या फायली हल्ली माझ्याकडे वाचायला येतात. त्यात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ नावाचा एक परिच्छेद हमखास असतो. नमुन्यांची संख्या कमी होती, वेळ कमी होता, उपकरणं मर्यादित होती, पुढील संशोधनास वाव आहे. एकाच्या फायलीतून उचलून दुसऱ्याच्या फायलीत टाकला तरी कुणाला पत्ता लागणार नाही. मी हसत नाहीये हं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मीही तोच परिच्छेद टाकला होता.

मर्यादा मान्य करणं हे संशोधकाचं पहिलं काम, असं आपल्याला पहिल्या लेक्चरपासून ऐकवतात. पण ती मान्य करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मला ते थोडंफार उलगडलं ते रिसर्च मेथडॉलॉजीच्या वाचनयादीत कधीच नसलेल्या एका पुस्तकातून. ‘द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई’ हे ते पुस्तक. पत्रं जमवली सिस्टर जेराल्डिन या इंग्लिश ननने, संपादन केलं अ. भि. शहा यांनी, आणि १९७७ साली ते प्रसिद्ध केलं आपल्याच महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने. हार्बर लाइनच्या प्रवासात तुकड्यातुकड्यानं वाचलं. आज त्यातल्या एकाच वादाबद्दल लिहितेय. माणसाच्या ज्ञानाला हद्द आहे, ती नम्रपणे मान्य करावी, हा ख्रिस्ती विचार या पत्रांमध्ये पणाला लागलेला आहे. आणि गंमत म्हणजे वाद घालणाऱ्या तिघीही ख्रिस्ती आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

रमाबाई डोंगरे, जन्म १८५८. वडील अनंतशास्त्रींनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं रमाबाईंना. दुष्काळात आईवडील गेले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लग्न झालं, मुलगी झाली, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला. पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ मध्ये छोट्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर १८८६ च्या सुरुवातीपर्यंत त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या.

वादातली दुसरी बाजू सिस्टर जेराल्डिनची. वाँटेजच्या मठातली ही नन रमाबाईंची धर्मातली आई म्हणावी अशी. रमाबाई पत्रांत तिला ‘आजीबाई’ म्हणतात. तिसरी बाजू डोरोथिया बील यांची. त्या चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका.

वाद थोडक्यात असा. बाप्तिस्मा झाल्यावरही रमाबाई चर्चची सगळी शिकवण जशीच्या तशी मान्य करेनात. देव एक, हे त्यांना पटत होतं. ख्रिस्ताची शिकवण पटत होती, म्हणून तर त्या आल्या होत्या. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, कुमारीपोटी जन्म, यांवर त्या प्रश्न विचारत राहिल्या. जेराल्डिनचं उत्तर पुन्हापुन्हा एकच येतं: या गोष्टी माणसाच्या बुद्धीपलीकडच्या आहेत, चर्च सांगतं ते लेकरासारखं स्वीकार, तुझे प्रश्न हा गर्व आहे.

जेराल्डिनचं म्हणणं वाटतं तितकं टाकाऊ नाही

आपण सायन्सवाले इथे लगेच रमाबाईंच्या बाजूनं टाळ्या वाजवतो. जरा थांबूया.

माणसाला सगळं कळत नाही, हा ख्रिस्ती परंपरेतला जुना आणि गंभीर विचार आहे. बायबलमधला ईयोब देवाला जाब विचारतो, आणि उत्तरादाखल त्याच्यापुढे उलट प्रश्नच येतात: सृष्टी घडली तेव्हा तू होतास कुठे? पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगतो की आपलं आत्ताचं ज्ञान तुटपुंजं आहे, पुसट आरशात पाहावं तसं. १४४० मध्ये निकोलस ऑफ कुसा या जर्मन धर्मपंडितानं आख्खा ग्रंथच लिहिला की आपल्याला काय कळत नाही हे नीट कळणं हेच मोठं शहाणपण. यात आळस नाही. उलट स्वतःच्या बुद्धीवर लक्ष ठेवायची ही एक शिस्त आहे.

रमाबाईंचा जन्म झाला त्याच वर्षी, १८५८ मध्ये, ऑक्सफर्डमध्ये हेन्री मॅन्सेल यांनी ‘धार्मिक विचाराच्या मर्यादा’ याच विषयावर व्याख्यानं दिली. त्यांचा युक्तिवाद असा: माणसाचं मन नेहमी तुलनेतून, संबंधांतून विचार करतं. देव निरपेक्ष आणि अनंत. म्हणून आपल्या कल्पना देवाला लावायला गेलो की विसंगती निघणारच. तो देवाचा दोष नाही, आपल्या मनाचा आहे. तेव्हा ईश्वरी संदेश खरा आहे की नाही याचे पुरावे तपासा, पण आतला मजकूर बुद्धीच्या कसोटीवर घासू नका.

आणि जेराल्डिनच्या बाजूनं आणखी एक गोष्ट. काही गोष्टी खरंच आत शिरल्यावरच कळतात. लॅबमध्ये पहिल्या सहा महिन्यांत सीनिअर सांगतो तसंच करायचं असतं. पिपेट असा धर, बफर ताजं बनव, का ते नंतर कळेल. प्रत्येक पायरीला ‘आधी पुरावा द्या’ म्हणणाऱ्याचं एकही रीडिंग धड येत नाही. जेराल्डिन रमाबाईंना नेमकं हेच सांगत होती: आधी जग, मग समजेल. प्रार्थना करणाऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य खोटं नाही.

मग बिनसतं कुठे?

मला सगळ्या पुस्तकात जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटला तो हा: माणसाची बुद्धी मर्यादित असेल, तर ती सगळ्यांचीच मर्यादित आहे. रमाबाईंची आहे, तशी जेराल्डिनची आहे, बिशपची आहे, आणि ज्या धर्मपरिषदांनी त्रैक्याची कलमं लिहिली त्या परिषदांमधल्या पुरुषांचीही आहे. जेराल्डिन ही मर्यादा एकाच बाजूला लावते. शिष्येला कळत नाही म्हणून तिनं गप्प बसायचं. चर्चला मात्र पक्कं माहीत आहे.

त्रैक्याची मांडणी करणारा अथनेशियन क्रीड नावाचा जुना विश्वासांगीकार बघा. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात तो आहे. त्याच्या इंग्रजी पाठात पित्याला अनाकलनीय म्हटलंय, पुत्राला अनाकलनीय, आत्म्यालाही अनाकलनीय. (मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मोजता न येणारा’ असा आहे, पण इंग्रजी वाचणाऱ्यासमोर येतं ते ‘अनाकलनीय’.) आणि त्याच मजकुरात या अनाकलनीय देवाची चाळीसेक कलमांत बारीक मांडणी आहे, वर बजावलंय की जो असं मानणार नाही त्याला तारण नाही. हद्द मान्य करून लगेच हद्दीपलीकडचा तपशीलवार नकाशा काढायचा, आणि तो नाकारणाऱ्याला दंड. आपल्या भाषेत सांगायचं तर, एरर बार अमर्याद आहे असं लिहून उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत देण्यासारखं.

रमाबाईंचा प्रतिवाद साधा आहे. इंग्लंडमध्ये त्यांना एक चर्च दिसत नाही, अनेक पंथ दिसतात, आणि प्रत्येकाचा दावा असा की खरं आमच्याकडे. मग ‘चर्चचं ऐक’ म्हणजे नेमकं कुणाचं ऐकायचं? निवड करायची तर ती शेवटी आपल्याच बुद्धीनं आणि सदसद्विवेकबुद्धीनं करावी लागणार. तीच बुद्धी मग दारात काढून ठेवा म्हणणं विचित्र आहे.

इथे मला नीळकंठशास्त्री गोरे आठवतात. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे पुण्यात रमाबाईंशी त्यांची धर्मचर्चा झाली. त्यांनी सहा दर्शनांचं खंडन करणारा ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिला, आणि १८६२ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं तेव्हा त्याच्या नावातच ‘तर्कशुद्ध खंडन’ असे शब्द आले. म्हणजे जुना धर्म सोडताना तर्क पूर्ण ताकदीनं चालवायचा. आणि नव्या धर्माच्या उंबरठ्यावर तोच तर्क गर्व ठरतो. रमाबाईंची खरी तक्रार इथे आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं बाहेर पडलेली बाई दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायला तयार नव्हती, आणि हे त्यांनी आजीबाईंना स्वच्छ शब्दांत कळवलं.

मर्यादेची भाषा मर्यादेपेक्षा अधिकाराबद्दल कधी बोलू लागते, ते ओळखायला या पत्रांत दोन छोटे प्रसंग आहेत. पहिला, गळ्यातल्या क्रॉसचा. त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, माझ्या देशातल्या लोकांना लॅटिन कळत नाही, मग संस्कृत का नको? यात बुद्धीपलीकडचं गूढ काहीच नाही. तरी वाद होतोच. दुसरा प्रसंग, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही याचा. हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. रमाबाईंना आश्चर्य वाटलं: माझ्या वडिलांनी नाही, नवऱ्यानं नाही, कुणी हरकत घेतली नव्हती, आणि इंग्रज लोक घेतायत! नम्र हो, ऐक, तुला कळत नाही, हे शब्द त्रैक्यासाठी जसे वापरले गेले तसेच या साध्या, माणसांच्या ठरवाठरवीसाठीही. ते इतक्या सहज एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकले, तिथे मला शंका आली.

बीलबाई वेगळ्या का वाटतात

डोरोथिया बील याही श्रद्धाळूच होत्या. रमाबाईंनी त्रैक्य मानावं असं त्यांनाही वाटत होतं. पण त्या हुकूम देत नाहीत, कारणं देतात. ही बाई ख्रिस्ती धर्माकडे तत्त्वज्ञासारखी पाहते, तिला नुसतं ‘मान’ म्हणून चालणार नाही, हे त्यांनी जेराल्डिनलाही समजावायचा प्रयत्न केला. रमाबाईंचे प्रश्न त्या प्रश्न म्हणून घेतात, आणि उत्तर देताना स्वतःचा विचार उघडा करतात, म्हणजे समोरच्याला त्यावर बोट ठेवता येतं.

माझ्या मते पुस्तकातली सर्वांत चांगली पानं ही आहेत. दोघींचं एकमत होत नाही, पण मर्यादा दोघींच्या मध्ये ठेवलेली आहे, एकीच्याच डोक्यावर नाही. चांगला गाइड आणि वाईट गाइड यांतला फरक विचारलात तर मी ही पत्रं वाचायला देईन. ‘हा प्रश्न आपल्या स्कोपबाहेर आहे’ हे वाक्य दोघंही म्हणतात. एक जण स्कोप का तिथे संपतो ते सांगतो, दुसरा विषय संपवतो.

रमाबाईंनाही सूट नको

रमाबाई शेवटी उभ्या राहतात त्या बायबल आणि सदसद्विवेकबुद्धी यांवर. पण बुद्धी मर्यादित असेल तर सदसद्विवेकबुद्धीही आहे. ‘मला पटत नाही’ हा पुरावा नाही, ती फक्त माझी स्थिती आहे. काही पत्रांत त्या हे विसरतात असं मला वाटलं. शिवाय त्या नंतरच्या आयुष्यात बदलल्या. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या रमाबाईंचा सूर चेल्टनहॅममधल्या रमाबाईंपेक्षा खूप ठाम आहे. तेव्हा ‘जेराल्डिन शेवटी बरोबर ठरली’ असं कुणी म्हणू शकेल. मी म्हणणार नाही, कारण त्या तिथे पोहोचल्या त्या स्वतःच्या वाटेनं, बिशपच्या सांगण्यावरून नाही. पण ज्या वाचकाला त्यांची फक्त बंडखोर मूर्ती हवी आहे त्याची अडचण होते, आणि ती व्हायला हवी.

पुस्तकाबद्दलही दोन शब्द. शहा हे इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक. त्यांच्या संपादनातून विवेकवादी रमाबाई ठसठशीत उमटणं स्वाभाविक आहे. दुसरं, ही पत्रं इंग्रजीत आहेत, म्हणजे रमाबाई आयुष्यातला सर्वांत नाजूक वाद नव्यानं शिकलेल्या भाषेत घालतायत. त्यांचं मराठी किती मोकळं होतं ते पाहायचं असेल तर अमेरिकेवरचं त्यांचं १८८९ चं प्रवासवृत्त काढा. आणि तिसरं: संग्रह जेराल्डिनचा आहे, म्हणजे काय ठेवायचं हे वादातल्या एकाच बाजूनं ठरवलंय. इथे मला त्या बाईचं मनापासून कौतुक वाटतं. जिथे आपली बाजू लंगडी दिसते ती पत्रंही तिनं जपून ठेवली. तोंडानं सांगितलेल्या नम्रतेपेक्षा ही नम्रता मला जास्त खरी वाटते. नको ती रीडिंग्ज नोटबुकातून न फाडणं, एवढंच तर आपल्याकडून अपेक्षित असतं.

आपल्या फायलीकडे परत

रसायनशास्त्रात ‘लिमिट ऑफ डिटेक्शन’ नावाची गोष्ट असते, शोधमर्यादा. समजा आपण ठाणे खाडीच्या पाण्यातलं शिसं मोजतोय. शिसं नसलेला नमुना, म्हणजे ब्लँक, दहा वेळा मोजतो, रीडिंग किती हलतं ते बघतो, त्या प्रमाण विचलनाची साधारण तिप्पट घेऊन कॅलिब्रेशनच्या उतारानं भागतो. आलेल्या आकड्याच्या खालचं काही दिसलं तर ‘शिसं नाही’ असं लिहायचं नसतं. ‘आढळलं नाही’ असं लिहायचं, आणि शेजारी तो आकडा द्यायचा. फ्लेम एएएसवर जे आढळलं नाही ते आयसीपी-एमएसवर आढळू शकतं.

या आकड्यात मर्यादा मान्य करण्याचं सगळं शहाणपण आहे. मर्यादा कुठे आहे ते सांगितलंय. ती कशी काढली ते सांगितलंय, म्हणजे दुसरा ती तपासू शकतो. ती माझ्या पद्धतीची आहे, शिशाची नाही. आणि नियम सगळ्या लॅबना सारखा: प्रोफेसरांच्या उपकरणाला वेगळी सवलत नाही.

देवाच्या बाबतीत असा आकडा काढता येत नाही, हे मला कळतं. श्रद्धेला लॅबच्या मापानं मोजावं असं माझं म्हणणं नाही. मॅन्सेलचं काय झालं ते मात्र लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्यांनी बुद्धीला कुंपण घातलं ते धर्माच्या रक्षणासाठी. चारच वर्षांत, १८६२ मध्ये, हर्बर्ट स्पेन्सरनं तोच युक्तिवाद उचलला आणि निष्कर्ष काढला की मग अंतिम सत्य अज्ञेय आहे, चर्चलाही अज्ञेय. कुंपण दोन्ही बाजूंना लागतं. रमाबाईंना हे कुठल्या तत्त्वज्ञाकडून शिकावं लागलं नाही.

म्हणून तुमचा ‘मर्यादा’ परिच्छेद लिहिताना, किंवा दुसऱ्याचा वाचताना, तीन प्रश्न विचारा. ही मर्यादा नेमकी कुठे आहे? ती कुणी तपासू शकतो का? आणि ती सांगणाऱ्यालाही लागू आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो परिच्छेद तुम्हाला गप्प करण्यासाठी आहे.

रमाबाईंचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. ज्या ग्रंथाच्या अर्थावरून आजीबाईंशी वाद झाला, तो मुळातून वाचता यावा म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची शेवटची अनेक वर्षं केडगावात बसून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. भाषांतर मुळाला इतकं चिकटून आहे की मराठी कानाला जागोजागी खटकतं. पण जिथे आपल्याला कळत नाही तिथे थांबायचं की मूळ भाषा शिकायला बसायचं, यातलं त्यांनी काय निवडलं ते त्यात दिसतं.

सिनॉप्सिस पाठवा. वाचते.